सवलत नव्हे, समान मोजमाप : संगणकीय परीक्षा आणि दिव्यांग विद्यार्थी

कांदिवली पूर्वेला, पश्चिम द्रुतगती महामार्गापासून थोड्याच अंतरावर ‘इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग पर्सोनेल सिलेक्शन’ अर्थात आयबीपीएस या संस्थेचे मुख्य कार्यालय आहे. १९७५ मध्ये राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्थेचा एक विभाग म्हणून तिचे कार्य सुरू झाले आणि १९८४ पासून ती स्वायत्त संस्था म्हणून काम पाहू लागली. देशभरातील सार्वजनिक क्षेत्रातील बँकांच्या लिपिक व अधिकारी पदांसाठी ती संगणकीय परीक्षा घेते. बँकेच्या नोकरीतून पुढे आलेली आपल्या समाजातील कित्येक कुटुंबे उपनगरांत आहेत. त्यांतल्या नव्या पिढीचा मार्ग या परीक्षांतूनच जातो.

याच संस्थेविरुद्ध लिहिताना हाताचे स्नायू आखडण्याचा विकार असलेल्या एका उमेदवाराने दाद मागितली होती. त्यावर ३ फेब्रुवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. ‘गुलशन कुमार विरुद्ध आयबीपीएस’ या नावाने तो ओळखला जातो. न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला आणि न्यायमूर्ती आर. महादेवन यांच्या खंडपीठाने स्पष्ट केले की, परीक्षेत लेखनिक, वाढीव वेळ आणि तत्सम सोयी केवळ चाळीस टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांपुरत्या राखून ठेवता येणार नाहीत. ज्याला लिहिण्यात खरीखुरी अडचण आहे अशा प्रत्येक दिव्यांग उमेदवाराला त्या मिळाल्या पाहिजेत.

निकाल देशासाठी महत्त्वाचा आहेच. परंतु आपल्यासारख्या निवासी शाळेच्या दृष्टीने त्यात एक वेगळा धडा आहे. अधिकार कायद्याने मिळाला, न्यायालयाने तो पक्का केला, तरीही तो प्रत्यक्ष परीक्षेच्या खोलीत आपोआप पोहोचत नाही. संगणकीय परीक्षेत तर तो परीक्षेच्या दिवशी मिळतच नाही. तो अर्ज भरण्याच्या दिवशी मिळवावा लागतो, आणि त्याची तयारी इयत्ता आठवीपासून करावी लागते. हा या लेखाचा मुख्य मुद्दा असून तो माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधवांपुढे सविस्तर मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

‘सवलत’ या शब्दाविषयी

‘सवलत’ हा शब्द आपल्या समाजाला परका नाही. तो आपल्या वाट्याला बहुधा टोमणा म्हणूनच आलेला आहे. गुणवत्ता नसलेल्याला दिलेली मेहेरबानी, असा त्याचा अर्थ लावणाऱ्यांना आपण तीन पिढ्या उत्तरे देत आलो आहोत. नेमकी तीच शंका आज दिव्यांग विद्यार्थ्याविषयी घेतली जाते : ‘त्याला तासाभराचा जादा वेळ, मग बाकीच्यांवर अन्याय नव्हे काय?’ खेदाची गोष्ट अशी की, हा प्रश्न कधी कधी आपल्याच घरांतून ऐकू येतो.

उत्तर साधे आहे. परीक्षा कशाचे मोजमाप करते, हे प्रथम ठरवावे. भौतिकशास्त्राची परीक्षा भौतिकशास्त्राचे ज्ञान मोजण्यासाठी असते. डोळ्याचा वेग, बोटांची चपळाई किंवा अक्षरओळखीची गती मोजण्यासाठी नसते. अंधुक दिसणारा विद्यार्थी प्रश्न मोठा करून ओळ-ओळ सरकवत वाचतो, तेव्हा त्याचा वेळ वाचण्यात जातो, विचारात नव्हे. त्याला सर्वांइतकीच मिनिटे दिली तर आपण त्याचे भौतिकशास्त्र मोजत नाही, त्याचे डोळे मोजतो. वाढीव वेळ त्या चुकीच्या मोजमापाची दुरुस्ती करतो. प्रश्न तेच राहतात, उत्तरे तीच राहतात, गुणदानही तेच राहते.

शाळेचे दार उघडे असणे आणि आत समानतेने बसता येणे यांतील अंतर आपल्याला इतिहासाने शिकवले आहे. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावांना प्रवेश होता; बसायला गोणपाट मात्र घरून न्यावे लागे आणि पाण्याच्या भांड्याला स्पर्श करण्याची मुभा नव्हती. प्रवेश मिळाला, सहभाग नाकारला गेला. परीक्षेचे प्रवेशपत्र हाती असूनही ज्याला प्रश्नच वाचता येत नाही, त्या विद्यार्थ्याची स्थिती कारणांनी वेगळी असली तरी परिणामाने फार वेगळी नाही.

कायदा काय सांगतो

भारताने दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराला १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिली. त्याला अनुसरून दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. १९९५ च्या जुन्या कायद्यात सात प्रकारच्या दिव्यांगत्वांचा उल्लेख होता. नव्या कायद्यात ही संख्या एकवीस झाली. डिस्लेक्सियासारख्या विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता यांना त्यात स्वतंत्र स्थान मिळाले.

या कायद्यातील दोन संज्ञांमधील भेद प्रत्येक पालकाने समजून घ्यावा. पहिली ‘दिव्यांग व्यक्ती’ : जिच्या दीर्घकालीन शारीरिक, मानसिक, बौद्धिक वा ज्ञानेंद्रियविषयक न्यूनतेमुळे समाजातील अडथळ्यांशी सामना होताना पूर्ण व समान सहभागात बाधा येते ती व्यक्ती. दुसरी ‘लक्षणीय दिव्यांगत्व असलेली व्यक्ती’ : जिचे दिव्यांगत्व किमान ४० टक्के असल्याचे प्रमाणित झाले आहे ती. आरक्षण दुसऱ्या गटाला आहे. परीक्षेतील वाजवी सोयींचा हक्क मात्र पहिल्या, म्हणजे व्यापक गटाचा आहे. ‘चाळीस टक्के नाहीत, म्हणून काहीच मिळणार नाही’ हा समज दूर होणे अत्यंत आवश्यक आहे.

कलम १७ मध्ये शासन आणि स्थानिक प्राधिकरणांवर स्पष्ट कर्तव्य सोपवले आहे : अभ्यासक्रमात व परीक्षा पद्धतीत योग्य बदल करणे, उदाहरणार्थ वाढीव वेळ, लेखनिकाची सोय, द्वितीय व तृतीय भाषेतून सूट. केंद्र शासनाने २९ ऑगस्ट २०१८ रोजी लेखी परीक्षांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांनुसार वाढीव वेळ दर तासाला किमान २० मिनिटे असावा. म्हणजे तीन तासांच्या परीक्षेला चार तास, दोन तासांच्या परीक्षेला दोन तास चाळीस मिनिटे. लेखनिक न घेणाऱ्या पात्र उमेदवारालाही हा वेळ मिळतो, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. परीक्षा संगणकावर असेल तर उमेदवाराला ती संगणक प्रणाली एक दिवस आधी तपासून पाहू द्यावी, म्हणजे दोष आढळल्यास दुरुस्तीला अवकाश राहील, असेही त्यांत नमूद आहे.

१० ऑगस्ट २०२२ रोजी, चाळीस टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व असूनही लिहिण्यात अडचण असलेल्यांसाठी स्वतंत्र तत्त्वे निघाली. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने आणखी नवी तत्त्वे जाहीर केली. त्यांचा कल उमेदवाराने स्वतः आणलेल्या लेखनिकाकडून परीक्षा संस्थेने तयार ठेवलेल्या लेखनिकांच्या संचाकडे आणि तंत्रज्ञानाच्या वापराकडे आहे. म्हणून जुन्या माहितीवर विसंबून न राहता प्रत्येक परीक्षेची त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचणे हाच सुरक्षित मार्ग होय.

न्यायालयांनी घडवलेली वाट

आयबीपीएसच्या प्रकरणापूर्वीचे दोन निकाल ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. पहिला ११ फेब्रुवारी २०२१ चा ‘विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग’. लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला नागरी सेवा परीक्षेत लेखनिक नाकारण्यात आला होता. कारण त्याचे दिव्यांगत्व ‘लक्षणीय’ नव्हते. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने हा युक्तिवाद फेटाळला. चाळीस टक्क्यांची अट आरक्षणासारख्या विशिष्ट लाभांना लागू आहे. ती लेखनिकाच्या वाटेत आणता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. प्रत्येक व्यक्तीची गरज स्वतंत्रपणे पाहिली पाहिजे, हा त्या निकालाचा गाभा आहे. २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे त्यातूनच आली.

दुसरे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले : ‘अवनी प्रकाश विरुद्ध नॅशनल टेस्टिंग एजन्सी’, निकाल २३ नोव्हेंबर २०२१. डिसग्राफिया म्हणजे लेखन अक्षमता असलेल्या विद्यार्थिनीला वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत हक्काचा एक तास मिळाला नाही. इतर सर्वांबरोबरच तिचीही उत्तरपत्रिका काढून घेण्यात आली. न्यायालयाने हा अन्याय असल्याचे मान्य केले. मात्र लाखो विद्यार्थ्यांच्या परीक्षेचे वेळापत्रक पाहता तिची परीक्षा पुन्हा घेण्याचा आदेश दिला नाही. अन्यायाचे परिमार्जन कसे करता येईल याचा विचार एका आठवड्यात करावा, असे परीक्षा संस्थेला सांगितले.

या निकालाचे दोन अर्थ निघतात आणि दोन्ही पालकांनी लक्षात घ्यावेत. पहिला असा की, केंद्रावरील कर्मचाऱ्यांचे अज्ञान ही सबब कायद्यापुढे टिकत नाही. दुसरा कटू आहे : न्यायालयात जिंकूनही गेलेला तास परत येत नाही. म्हणूनच तो तास परीक्षेपूर्वीच सुरक्षित करून ठेवावा लागतो.

कागद आणि संगणक यांतील फरक

अभियांत्रिकी प्रवेशाची जेईई मुख्य परीक्षा जानेवारी २०१९ पासून नॅशनल टेस्टिंग एजन्सी संगणकावर घेत आहे. राज्याची एमएचटी-सीईटीही २०१९ पासून संगणकावर आली. बँका, कर्मचारी निवड आयोग, रेल्वे यांच्या भरती परीक्षांचेही तेच.

कागदावरील परीक्षेत घड्याळ पर्यवेक्षकाच्या हाती असे. चुकून यादीत नाव नसले, तरी प्रमाणपत्र दाखवून, केंद्रप्रमुखांना विनंती करून वेळ मिळवणे काही वेळा शक्य होई. संगणकीय परीक्षेत घड्याळ दूरच्या सर्व्हरमध्ये असते. अर्ज भरताना दिव्यांगत्वाच्या रकान्यात ‘होय’ केले असेल आणि वाढीव वेळेची मागणी नोंदवली असेल, तरच त्या उमेदवाराच्या पडद्यावर वाढीव मिनिटे दिसतात. अन्यथा ठरलेल्या क्षणी परीक्षा आपोआप जमा होते. पर्यवेक्षकाला सहानुभूती असली तरी त्याच्या हाती बहुधा काही उरत नाही.

आमच्या परिचयातील मुलुंडच्या एका कुटुंबात असे घडले. मुलाला अंधुक दिसते. त्याचे प्रमाणपत्रही होते. परंतु ‘एकदा शिक्का बसला की आयुष्यभर राहतो’ या भीतीने घरच्यांनी अर्जात ‘नाही’ असा पर्याय निवडला. परीक्षेच्या दिवशी तो मुलगा शेवटच्या भागातील बरेच प्रश्न उघडूही शकला नाही. त्याने केलेला अभ्यास त्या दिवशी मोजलाच गेला नाही. अशी कुटुंबे थोडी नाहीत. त्यांच्या भीतीमागे समाजाची नजर आहे, आणि ती नजर बदलण्याचे काम घराबाहेरच्या आपणा सर्वांचे आहे.

विभागवार वेळेचाही विचार करावा लागतो. एमएचटी-सीईटीत भौतिकशास्त्र-रसायनशास्त्र हा ९० मिनिटांचा एक भाग आणि गणित किंवा जीवशास्त्र हा ९० मिनिटांचा दुसरा भाग असतो. तासाला २० मिनिटे या हिशेबाने प्रत्येक भागाला ३० मिनिटे वाढतात. बँक अधिकारी पदाच्या पूर्वपरीक्षेत एकूण ६० मिनिटे आणि २०-२० मिनिटांचे तीन भाग असतात. तेथे २० वाढीव मिनिटे तिन्ही भागांत वाटली गेल्यास प्रत्येकाच्या वाट्याला सात मिनिटांहून थोडी कमीच येतात. एका भागात वाचलेला वेळ दुसऱ्या भागात वापरता येत नाही. त्यामुळे ‘एकूण इतका वेळ’ असा मोघम हिशेब न करता भागागणिक सराव करणे गरजेचे ठरते.

गरज तशी सोय

सर्व दिव्यांग विद्यार्थ्यांना एकच उपाय लागू पडत नाही.

अंध विद्यार्थी संगणकावर स्क्रीन रीडरच्या साहाय्याने काम करतो. पडद्यावरील मजकूर हे सॉफ्टवेअर वाचून दाखवते. ‘एनव्हीडीए’ हे असे सॉफ्टवेअर विनामूल्य असून मराठीही वाचते. परंतु प्रश्न चित्राच्या स्वरूपात टाकलेला असेल तर ते मुके होते. आलेख, आकृती व गणिती सूत्रे यांचे शब्दांत वर्णन दिलेले नसेल तर सॉफ्टवेअर असूनही उपयोग नाही. अशा प्रश्नांऐवजी पर्यायी प्रश्न देण्याची तरतूद म्हणूनच महत्त्वाची आहे.

अंधुक दृष्टीच्या विद्यार्थ्याला अक्षर मोठे करण्याची आणि काळ्यावर पांढरे अशी रंगसंगती निवडण्याची सोय हवी. अक्षर मोठे केले की पडद्यावर एका वेळी कमी मजकूर मावतो, प्रश्न व पर्याय एकत्र दिसत नाहीत; वाढीव वेळेची गरज येथूनच निर्माण होते.

मेंदूचा पक्षाघात असलेल्या विद्यार्थ्याला माउस नेमक्या जागी नेणे कठीण जाते. येथे लेखनिक त्याच्या सांगण्यावरून पर्याय निवडतो. लेखनिकाबरोबर काम करणे हे स्वतंत्र कौशल्य आहे : ‘तिसरा पर्याय’, ‘पुढचा प्रश्न’, ‘हा नंतर पाहण्यासाठी खूण कर’ अशा नेमक्या सूचना देण्याची सवय लागते.

कर्णबधिर विद्यार्थ्याची अडचण वेगळी. प्रश्न तो वाचतो. परंतु पर्यवेक्षक आयत्या वेळी तोंडी घोषणा करतो ती त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तेव्हा सर्व सूचना लेखी मिळाव्यात असा आग्रह धरावा. वांद्रे येथे १९८३ पासून कार्यरत असलेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था श्रवण व वाचा क्षेत्रातील राष्ट्रीय पातळीवरील संस्था असून ती आपल्या उपनगरांच्या अंगणात आहे. पालकांनी तिचा लाभ घ्यावा.

डिस्लेक्सिया असलेली मुले वरकरणी ओळखू येत नाहीत, म्हणून त्यांच्यावर ‘आळशी’, ‘निष्काळजी’ हे शिक्के लवकर बसतात. कागदावर ती ओळीखाली बोट किंवा पट्टी ठेवून वाचतात, शब्दांखाली पेन्सिलीने खूण करतात. पडद्यावर हा आधार निसटतो. देवनागरीतील जोडाक्षरे, वेलांट्या, रफार त्यांना थकवतात. त्यांच्यासाठी पडद्यावर वाचण्याचा नियमित सराव आणि वाढीव वेळ या दोन्ही गोष्टी लागतात.

मराठी माध्यमाचा दुहेरी भार

एमएचटी-सीईटीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय मराठीतून देता येतात. गणिताची प्रश्नपत्रिका मात्र इंग्रजीतच असते. मराठी माध्यमातून शिकलेल्या डिस्लेक्सियाग्रस्त विद्यार्थ्याला एकाच दिवशी दोन लिप्यांशी झुंजावे लागते, हे शिक्षकांनी ध्यानात घ्यावे.

दुसरी अडचण आपल्याच हातून दूर होण्याजोगी आहे. आपल्याकडील कित्येक प्रश्नसंच जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेले असतात. डोळ्यांना ते मराठी दिसते. स्क्रीन रीडरला मात्र ती अर्थहीन इंग्रजी अक्षरांची रांग वाटते. शाळा, अभ्यासिका आणि बुद्धविहारांतील वाचनालये यांनी आपले मराठी साहित्य युनिकोडमध्ये तयार करावे. या कामाला वेगळा निधी लागत नाही; संगणक येणारे माजी विद्यार्थी सुटीच्या दिवसांत ते सहज करू शकतील.

प्रमाणपत्राचा प्रवास

अध्ययन अक्षमतेच्या बाबतीत महाराष्ट्र हे अग्रेसर राज्य आहे. १९९६ मध्येच शासनाने अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सोयी देण्याचा निर्णय घेतला. मुंबईत शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय, परळचे केईएम आणि मुंबई सेंट्रलचे नायर या महापालिकेच्या रुग्णालयांनी तपासणी व प्रमाणपत्राचे काम दीर्घकाळ केले आहे. पण मुलुंड, घाटकोपर, अंधेरी वा बोरिवलीच्या पालकांसाठी एकाच फेरीत काम होत नाही. बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक अशा टप्प्यांनी तपासणी होते. प्रत्येक फेरीला रोजंदारीवरील आईबापांचा एक दिवसाचा रोज बुडतो. म्हणूनच ऐन दहावी-बारावीत धावपळ करण्यात अर्थ नाही.

केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार विशिष्ट अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र आठ वर्षांच्या वयापासून देता येते. चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते आणि अठराव्या वर्षीचे प्रमाणपत्र कायमस्वरूपी मानले जाते. बारावीचे बहुतेक विद्यार्थी नेमके याच वयाच्या उंबरठ्यावर असतात, हे विसरू नये.

येथे एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षेत मिळालेली सोय प्रवेश परीक्षेत आपोआप लागू होत नाही. प्रत्येक परीक्षा संस्थेचा अर्ज स्वतंत्र, प्रमाणपत्राचा नमुना स्वतंत्र. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र एक, आणि ‘लिहिण्यास शारीरिक मर्यादा आहे’ हे सक्षम वैद्यकीय अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र दुसरे. त्यातही या दुसऱ्या प्रमाणपत्राची मुदत अवघी सहा महिने असल्याने उमेदवारांना पुनःपुन्हा रुग्णालयाच्या फेऱ्या माराव्या लागत. ती मुदत वाढवावी आणि तक्रारींसाठी संकेतस्थळ सुरू करावे, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने उपरोक्त २०२५ च्या निकालात दिले आहेत.

बनावट प्रमाणपत्रांच्या बातम्या अधूनमधून वृत्तपत्रांत येतात. अशा लबाडीची किंमत शेवटी खऱ्या दिव्यांग विद्यार्थ्यालाच मोजावी लागते, कारण पुढच्या प्रत्येक प्रमाणपत्राकडे संशयाने पाहिले जाते. शील हा ज्या शाळेच्या शिकवणीचा पाया आहे, तिच्या परिवाराने या बाबतीत तसूभरही ढळू नये.

इयत्तावार नियोजन

इयत्ता आठवी : वाचन, लेखन, दृष्टी व श्रवण यांतील अडचणी वर्गशिक्षक आणि वसतिगृहाचे अधीक्षक यांनी एकत्र बसून नोंदवाव्यात. निवासी शाळेचा हा मोठा लाभ आहे. मूल अभ्यासाला बसते तेव्हा आणि जेवणाच्या पंगतीतही ते आपल्यासमोर असते. शंका आल्यास पालकांना विश्वासात घेऊन तपासणी सुरू करावी.

इयत्ता नववी : प्रमाणपत्र व ओळखपत्र हाती यावे. शाळेच्या घटक चाचण्यांतही वाढीव वेळ व लेखनिक देण्यास सुरुवात करावी. या नोंदी जपून ठेवाव्यात. ‘ही गरज आयत्या वेळची नाही’ याचा तो पुरावा ठरतो.

इयत्ता दहावी व अकरावी : मंडळाकडे वेळेत प्रस्ताव द्यावा. त्याच बरोबर आठवड्यातून किमान एकदा संगणकावर चाचणी द्यावी. परीक्षा संस्थांच्या संकेतस्थळांवर सराव चाचण्या विनामूल्य असतात. अक्षर मोठे करणे, कळफलकावरून प्रश्न बदलणे, स्क्रीन रीडरचा वेग ठरवणे या गोष्टी परीक्षेच्या खोलीत शिकायच्या नसतात.

इयत्ता बारावी : अर्ज विद्यार्थी, पालक व शिक्षक यांनी एकत्र बसून भरावा. दिव्यांगत्वाचा प्रकार, लेखनिक हवा की नको, वाढीव वेळ हवा की नको, हे तिन्ही रकाने दोनदा तपासावेत आणि भरलेल्या अर्जाची प्रत छापून ठेवावी. प्रवेशपत्र आल्यावर त्यावर या बाबी उतरल्या आहेत का, हे त्याच दिवशी पाहावे. नसल्यास लगेच ईमेलने लेखी कळवावे. केंद्र आधी जाऊन पाहून यावे : उद्वाहन चालू आहे का, चाकाची खुर्ची आत जाते का, संगणक कक्ष कोणत्या मजल्यावर आहे.

परीक्षेच्या दिवशी : संगणकासमोर बसल्याबरोबर पडद्यावरील एकूण वेळ पाहावा. तो वाढीव वेळेसह नसेल तर परीक्षा सुरू होण्यापूर्वीच केंद्रप्रमुखांच्या निदर्शनास आणावे. सोय नाकारली गेली, तर वाद न घालता लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि त्याच दिवशी परीक्षा संस्थेला कळवावे. पुढे राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे किंवा केंद्रीय मुख्य आयुक्तांकडे तक्रार करता येते. राज्य आयुक्तांचे कार्यालय पुण्यात आहे. दूरध्वनीवरील बोलणे विसरले जाते, कागद राहतो.

परदेशातील माजी विद्यार्थ्यांसाठी

आपले काही माजी विद्यार्थी परदेशी स्थायिक आहेत. त्यांच्या मुलांनाही हाच प्रश्न पडतो. अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशाची सॅट परीक्षा अमेरिकेबाहेर २०२३ पासून व अमेरिकेत २०२४ पासून संगणकावर घेतली जाते. तेथेही सोय परीक्षेपूर्वी अर्ज करून मंजूर करून घ्यावी लागते आणि ती मंजुरी परीक्षेच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदली जाते. तेथे मंजूर होणारा वाढीव वेळ गरजेनुसार दीडपट वा दुप्पटही असतो. आपल्याकडचा दर तासाला वीस मिनिटांचा हिशेब म्हणजे एक तृतीयांश वाढ. आणि नियमांत ‘किमान’ हा शब्द आहे, हे येथील परीक्षा संस्थांनीही लक्षात ठेवायला हवे.

आपल्या परिवाराचे कर्तव्य

या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही तीन निश्चित गोष्टी सुचवू इच्छितो. एक, माजी विद्यार्थ्यांनी लेखनिकांची यादी तयार करावी. शालेय व मंडळाच्या परीक्षांना आणि रोजच्या सरावाला ती लगेच उपयोगी पडेल. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या चार ठिकाणी प्रत्येकी दहा जण पुढे आले तरी काम सुरू होईल. दोन, शाळेच्या संगणक कक्षातील किमान दोन संगणकांवर स्क्रीन रीडर, मोठा पडदा आणि हेडफोन यांची कायम व्यवस्था असावी. तीन, दर वर्षी जून महिन्यात पालकांसाठी प्रमाणपत्र व अर्ज यांविषयी एक मार्गदर्शन सभा व्हावी आणि ज्यांची मुले या वाटेने गेली आहेत अशा पालकांनीच तिथे बोलावे.

आणि पालकांना एकच विनंती. अर्जातील त्या रकान्यासमोर हात थबकला, तर एवढे आठवावे : तेथे ‘होय’ लिहिल्याने आपल्या मुलाची किंमत कमी होत नाही, त्याने केलेला अभ्यास पूर्णपणे मोजला जाण्याची हमी तेवढी मिळते. हक्क मागण्यात लाज नसते, हे ज्या समाजाने अवघ्या देशाला शिकवले, त्या समाजाच्या मुलामुलींनी आपल्या वाट्याची वीस मिनिटे संकोचापायी सोडून देऊ नयेत.